सगळ्या गावाचा ळ

माझ्या हुद्द्याचं नाव मोठं आहे. ते पूर्ण सांगेपर्यंत समोरच्याचा चहा निवतो, म्हणून 'शाळांमधून फिरते' एवढंच सांगून मी मोकळी होते. शाळेतल्या मुलांनी जीव देऊ नये म्हणून फिरते, असं खरं तर सांगायला हवं. एकदा एका लग्नात तसं सांगून पाहिलं, तर शेजारची बाई ताट उचलून पलीकडच्या टेबलावर गेली. तेव्हापासून मी नुसतीच फिरते.

सकाळी जालन्याहून निघायचं. मंठा, परतूर, आष्टी, आणि मधे जी गावं पडतील ती. आठवड्यातले दोन दिवस ऑफिसची गाडी मिळते, बाकी दिवस एसटी नाहीतर काळीपिवळी. शाळेत पोचलं की मुलांना मैदानात उन्हात बसवतात. मुख्याध्यापक माझी ओळख करून देतात आणि ती बहुतेक चुकीची असते. कुठे मी आरोग्य खात्याची होते, कुठे महिला-बालकल्याणची. एका शाळेत तर जंतांच्या गोळ्या वाटणाऱ्या मॅडम म्हणून माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. मग माझं भाषण. मन मोकळं करा, एकटं राहू नका, काही वाटलं तर मोठ्यांशी बोला. मोठे मागे खुर्च्यांवर बसून मोबाइल बघत असतात. आठ वर्षं हेच बोलून मला त्या भाषणाचा इतका वीट आला होता, की तोंड बोलत राहायचं आणि मी मनातल्या मनात परतीच्या गाडीची वेळ बघत असायचे. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं होतं.

भाषणापेक्षा माझा भरवसा पेटीवर होता. पेटी म्हणजे पत्र्याचा डबा, वर फट, पुढे छोटं कुलूप. किल्ली माझ्याकडे, फक्त माझ्याकडे. वर एक कागद चिकटवलेला: 'मनातलं लिहा. नाव लिहू नका. तुमचं नाव कोणीही विचारणार नाही.' यातलं शेवटचं वाक्य मी ऑफिसात भांडून घातलं होतं. साहेब म्हणाले होते, नाव नसलं तर आपण करणार काय? मी म्हणाले, नाव मागितलं तर चिठ्ठीच येणार नाही. त्या दिवशी मी जिंकले, आणि नंतर बरेच दिवस त्याची फुशारकी मारत होते.

ज्या शाळेबद्दल सांगते आहे ती आष्टीच्या पुढे आहे. गावाचं नाव लिहीत नाही, त्या गावाचा यात काही दोष नाही. तिथली पेटी गुलाबी होती, कारण मुलींच्या स्वच्छतागृहाला देऊन उरलेला रंग शाळेत पडून होता. टांगलीही त्याच भिंतीला, कारण खिळा तिथेच होता. पोरांनी तिला आठवड्याभरात नाव देऊन टाकलं, 'रडकी पेटी'. एखादा मुलगा नुसता त्या बाजूने गेला तरी बाकीचे हाळी घालायचे. मी एकदोनदा म्हटलं, ही दुसरीकडे हलवा. मुख्याध्यापक 'बराबर हाय मॅडम, हलवू' म्हणाले. त्यांनीही हलवली नाही आणि मीही विसरले.

महिन्यातून एकदा मी कुलूप काढायची. चिठ्ठ्या मुख्याध्यापकांच्या खोलीत बसून चहा पिता पिता वाचायच्या आणि तिथेच वेगळ्या करायच्या. ऑफिसने त्यासाठी रंगीत फोल्डर दिले होते. शाळेच्या तक्रारी पिवळ्यात, अभ्यासाचं हिरव्यात, शाळा सुटण्याची भीती असेल ते, म्हणजे गळती, निळ्यात. आणि तातडीचं लाल फोल्डरमध्ये. लाल फोल्डर बहुतेक रिकामा राहायचा. पंख्याला रेग्युलेटर नाही, खिचडीत मीठ नाही, अमका तमक्याकडे बघून हसतो, गणिताचे सर मारतात, यात दिवस निघून जायचा. हात सवयीने चालायचे.

तो दिवाळीनंतरचा शुक्रवार होता. आमच्याकडे दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. जी घरं टोळीत जात नाहीत, त्यातल्या काही घरांत मुलींच्या लग्नाची बोलणी निघतात. त्या दिवसांत पेटीत एकाच चालीच्या चिठ्ठ्या असतात. 'मॅडम, मी सोमवारपासून येणार नाही.' 'माझी वही मैत्रिणीला द्या.' 'सरांना सांगा, माझं नाव काढू नका.' निळा फोल्डर फुगतो. त्या दिवशी त्या गठ्ठ्यात एका चौकटीच्या कागदावर लिहिलं होतं:

'मॅडम, मला कंटाळा आला. सगळ्याचाच. माझं दप्तर बहिणीला द्या. तिला लागंल. ती सातवीत हाय.'

मी वाचलं, 'अजून एक चालली' असं मनात म्हटलं, आणि निळ्यात टाकलं. चहा अर्धा शिल्लक होता, तो संपवला. पाच-सात सेकंदांचं काम होतं. त्या पाच-सात सेकंदांचा मी नंतर किती विचार केला आहे, ते सांगत नाही.

रविवारी सकाळी मी घरी अहवाल भरायला बसले. महिन्याचे आकडे ग्रुपवर टाकायचे होते. निळा फोल्डर उघडून एकेक चिठ्ठी नोंदवत होते आणि ती चिठ्ठी परत हातात आली. 'बहिणीला द्या.' मी ते वाक्य ओलांडून पुढे गेले आणि मागे आले. मैत्रिणीला वही द्यायला मला सांगणं समजतं, ती दुसऱ्या घरची. पण बहीण तर एकाच घरातली. उसाला जाणारी किंवा लग्न होऊन जाणारी पोर आपलं दप्तर आपल्या हाताने बहिणीच्या खांद्याला अडकवेल. त्यासाठी जालन्याची मॅडम कशाला लागते? 'मी द्यायला नसेन' असं ज्याला सांगायचं आहे तोच असं लिहील.

मी चिठ्ठी लाल फोल्डरमध्ये ठेवली, जसं काही फोल्डर बदलल्याने काही होणार होतं, आणि मुख्याध्यापकांना फोन लावला. ते परतूरला एका साखरपुड्यात होते, मागे बँड वाजत होता. मी ओरडून सांगितलं, "सर, एका मुलीची चिठ्ठी आहे, लक्षण ठीक नाही."

"कोण्या मुलीची?"

"नाव नाही."

"मॅडम, नाव न्हाई, वर्ग न्हाई. चार वाड्यांची लेकरं येतात आपल्याकडं. आज रविवार. कुठं हुडकू? उद्या मी जल्दी येतो, तुम्ही बी या. काढू काहीतरी."

मी दोन शिक्षिकांनाही फोन केले. त्यांनीही विचारलं, कोणती मुलगी? त्यांच्या डोळ्यांपुढे त्यांच्या वर्गातल्या गप्प मुली येत होत्या. दोघींनी मिळून चार-पाच नावं सांगितली, आणि एकीने त्यातल्या तिघींच्या घरी फोनही करून पाहिला. तिघी घरी होत्या, एक पापड लाटत होती. मी दिवसभर फोन हातात घेऊन बसले. तो रविवार संपता संपेना.

सोमवारी पहिल्या एसटीने गेले. मुख्याध्यापक माझ्या आधी येऊन बसले होते. सहा महिन्यांनी निवृत्त होणारा साधा माणूस, खोटं बोलता येत नाही आणि कुणाला नाही म्हणता येत नाही. त्यांनी चिठ्ठी चष्मा लावून, चष्मा काढून, दोन्ही प्रकारे वाचली.

"शुद्धलेखन घेऊ," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"आठवी, नववी, दहावी, सगळ्या मुलींचं. दहा वळी सांगतो. अक्षर बराबर जुळंल. अर्ध्या घंट्यात पोरगी समोर उभी करतो तुमच्या."

मला पेटीवरचं माझं वाक्य आठवलं नाही असं नाही. नाव कोणीही विचारणार नाही, म्हणून छापलंय, आणि आता आम्ही नाव न विचारता नाव काढणार होतो. पण ते पोर त्या क्षणी कुठे असेल, या विचारापुढे बाकी सगळं मला फालतू वाटलं. मी म्हणाले, घ्या.

मुलींना हॉलमध्ये बसवलं. मुलांना मैदानातले दगड वेचायला पाठवलं, ते आनंदाने गेले. मुख्याध्यापकांनी उतारा स्वतः रचला होता. मी बजावलं होतं की चिठ्ठीतली वाक्यं घालू नका, तर त्यांनी शब्द घातले. 'आळसामुळे अभ्यासाचा कंटाळा येतो. सकाळी दप्तर भरावे. बहीण-भावांनी मिळून अभ्यास करावा.' प्रत्येक वाक्य तीनदा सांगत होते आणि 'कंटाळा' म्हणताना माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. सोमवारच्या पहिल्या तासाला अचानक शुद्धलेखन, तेही फक्त मुलींचं, आणि कोपऱ्यात पेटीवाल्या मॅडम. मुली काही दुधखुळ्या नव्हत्या. हॉलमध्ये पेनांचाच आवाज होता.

कागद गोळा केले. मी आणि मुख्याध्यापक चिठ्ठी मधे ठेवून एकेक कागद लावत गेलो. चिठ्ठीतला 'ळ' वेगळा होता. पहिला गोळा मोठा, दुसरा लहान, आणि शेवटचं शेपूट खाली न सोडता वर वळवलेलं. अशा ळ वर मुख्याध्यापकांचं बोट थांबलं. दहावीतली मुलगी, गप्प राहणारी, वडील नसलेली. त्यांच्या लेखी सगळं जुळत होतं. माझ्याही.

तिला खोलीत बोलावलं. वर्गशिक्षिका दाराशी उभ्या. मी माझा मऊ आवाज काढला, तो मी नोकरीसाठी कमावलेला आहे. म्हणाले, घाबरू नकोस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत, मनात काही बरंवाईट तर नाही ना? ती आधी काही समजलीच नाही. मग तिची नजर टेबलावरच्या चिठ्ठीवर गेली, शेजारच्या आपल्या शुद्धलेखनावर गेली, आणि तिचे डोळे भरून आले. मी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती चिडून रडत होती.

"मी न्हाई लिव्हली."

"हे बघ बाळा, अक्षर..."

"असा ळ आमच्या गावात सगळेच काढतात. प्राथमिकला एकच गुर्जी होते आम्हाला. त्यांनीच शिकवलाय. माझी आई बी असाच काढती."

मुख्याध्यापकांनी परत गठ्ठा उचलला. मघाशी एका ळ वर थांबलो होतो, आता प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या कागदावर तोच दिसायला लागला. शेपूट वर वळलेला. सगळ्या गावाचा ळ एकच होता, आणि आम्ही दोघं म्हातारे त्यावरून एका पोरीला धरून बसलो होतो.

ती थांबली नाही. "पेटीवर तर लिव्हलंय, नाव कोणी इचारणार न्हाई म्हणून. मंग हे काय करून राह्यलात तुम्ही? आन् मुलींचंच का घेतलं? ह्याच्यात मुलगी हाय असं कुठं लिव्हलंय?"

मी चिठ्ठी ओढून घेतली.

या नोकरीत यायच्या आधी मी अकरा वर्षं मराठी शिकवलं आहे. कर्ता, कर्म, प्रयोग, सगळं फळ्यावर लिहून. आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलायची म्हटली तरी बोलणारा बाई की बाप्या ते उघडं पडतं. थकलो, थकले. चाललो, चालले. पण 'मला कंटाळा आला' यात येतो तो कंटाळा. माणूस नुसता 'मला' म्हणून बाजूला उभा राहतो, त्याचं काहीच कळत नाही. पाच वाक्यांच्या चिठ्ठीत एकही क्रियापद त्याचं स्वतःचं नव्हतं. आणि रविवारी फोनवर पहिलं वाक्य मीच बोलले होते, 'एका मुलीची चिठ्ठी आहे.' पेटी गुलाबी, भिंत मुलींची, कंटाळा आला म्हणजे रडकी पोरगी. मैदानात मुलं दगड वेचत होती आणि त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणी वळूनही बघितलं नव्हतं.

'ती सातवीत हाय' हेही त्यात पहिल्यापासून होतं, आणि अक्षराच्या नादात आम्ही तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मी तशीच उठून सातवीच्या वर्गात गेले. काय विचारावं ते ठरवलं नव्हतं. पण विचारावंच लागलं नाही. तिसऱ्या बाकावरच्या एका चिमुरडीजवळ एवढं मोठं काळं दप्तर होतं की बाकावर तिला बसायला जागा उरली नव्हती. दप्तरावर पांढऱ्या शाईने क्रिकेटची बॅट काढलेली.

"छान आहे गं दप्तर. नवीन?"

"दादाचं हाय. त्यानं देलं."

"कधी?"

"शनवारी. शाळा सुटल्यावर."

"दादा कितवीत आहे?"

"दहावीत. आज आला न्हाई. डोकं दुखून राह्यलं म्हणला."

ती हे सगळं खुशीत सांगत होती. तिला मोठं दप्तर मिळालं होतं.

शिपाईमामांना त्यांचं घर माहीत होतं, त्यांनी मोटारसायकल काढली. शाळेपासून वाडी दोन किलोमीटर असेल, दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बाया वेचणीला लागलेल्या. मामा आरशातून माझ्याकडे बघत होते. मी देवाला मानत नाही असं कॉलेजपासून सांगत आले आहे. त्या दोन किलोमीटरात मी सगळ्यांना हात जोडले, आमच्या कुळातल्या आणि कुळाबाहेरच्यासुद्धा.

दार उघडं होतं. पुढच्या खोलीत छातीपर्यंत कापूस भरलेला. या दिवसांत इकडे बहुतेक घरांत असाच असतो, माणसं उरलेल्या जागेत राहतात. त्या ढिगाच्या कडेला तो बसला होता, पाय खाली सोडून, अंगात शाळेचाच शर्ट. मी त्याला बघितलं आणि चौकट धरून उभी राहिले. मामांना म्हटलं, याची आई कुठे वेचायला गेली असेल तिथून तिला घेऊन या, घाबरवू नका, पण लवकर या.

मी माझी ओळख सांगायला लागले तर तो म्हणाला, "वळखतो मी तुम्हाला."

मी त्याच्याशेजारी कापसावर बसले. आमच्या प्रशिक्षणात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. शंका आली तर सरळ विचारा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट ज्याच्या डोक्यात आहे त्याला तो खाली ठेवायला जागा मिळते. हे मी शेकडो शिक्षकांना शिकवलं होतं. स्वतः मात्र कधी तसं विचारलं नव्हतं. मी 'बरंवाईट' म्हणायची. बरंवाईट हा फार सोयीचा शब्द आहे. विचारणाऱ्यालाही तोंड विटाळल्यासारखं होत नाही आणि समोरच्यालाही 'न्हाई मॅडम' म्हणून सुटता येतं. मघाशी त्या मुलीलाही मी तेच विचारलं होतं. त्या दिवशी माझ्यात तो मऊ आवाज शिल्लक नव्हता. मी म्हणाले, "तुला मरावंसं वाटतंय का?"

त्याने मान वर केली. "हां," तो म्हणाला. इतक्या साधेपणाने म्हणाला की मला वाटलं, हे उत्तर याच्याजवळ केव्हाचं तयार होतं, विचारणारं कुणी नव्हतं.

मग तो बोलला. काय झालं असं एक न्हाई मॅडम, असं दोन-तीनदा म्हणाला. गणितात मागे पडला होता, सहामाहीपासून सर त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. वडील पुण्याला एका कंपनीत, फोन आला की फक्त मार्क विचारायचे. झोप लागायची नाही. ज्याच्याशी बोलायचा तो मित्र शाळा सोडून गेला होता. एकेक ऐकलं तर कुणीही म्हणेल, एवढ्याशाने? आमच्याकडे सगळे तेच म्हणतात, नंतर. समजूत काढायचा मला इतका कंटाळा आला होता की त्या दिवशी मी नुसती ऐकत बसले, आणि बहुधा तेच बरं झालं.

पुढचं थोडक्यात सांगते. आई आली, डोक्याला फडकं, हाताला कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तिला मी त्याच्यादेखतच सगळं सांगितलं, त्याला विचारून. ती ओरडेल म्हणून मी तयारीत होते. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि त्याचे केस चाचपत राहिली. त्या दिवसापासून त्याला एकटं ठेवलं नाही. मंगळवारी आम्ही तिघं जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो, मनाच्या डॉक्टरांकडे. मग दर पंधरवड्याला ती माय वेचणी बुडवून त्याला घेऊन एसटीने यायची. मुख्याध्यापकांनी गणिताच्या सरांना काय सांगितलं माहीत नाही, पण मुलांना बाहेर उभं करणं बंद झालं. वडील एकदा रजा टाकून आले, दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले, आणि या खेपेला त्यांनी मार्क विचारले नाहीत. तो दहावीला गणितात राहिला, पुरवणीत निघाला. आता आयटीआयला आहे. बरा झाला असं मी लिहिणार नाही. त्याचे काही आठवडे चांगले जातात आणि काही नाही. पण तो आहे. माझ्या कामात एवढा निकाल पुरतो.

दहावीतल्या त्या मुलीची मी तिच्या सगळ्या वर्गासमोर माफी मागितली. ती 'ठीक हाय' म्हणाली, पण ठीक नव्हतं. पेटी हलवली, रंगही बदलला, तरी पुढे कितीतरी महिने त्यात एक चिठ्ठी पडली नाही. शुद्धलेखनाची गोष्ट वाड्यावाड्यांत पोचली होती. मुलांच्या जागी मी असते तर मीही टाकली नसती. हळूहळू आता परत पडताहेत, पंख्याच्या, खिचडीच्या. मी प्रत्येक दोनदा वाचते. थकते. ऑफिसात सगळे म्हणतात, मॅडम, तुम्ही फार वेळ लावता.

पण त्या दिवशी कापसावर बसलेलो असताना, आई यायच्या आधी, त्याने मला एक विचारलं होतं, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

"मॅडम, चिठ्ठी तुम्ही कधी वाचली?"

आज सकाळी, असं म्हणता आलं असतं. कोण तपासणार होतं? त्याला बरं वाटलं असतं आणि माझीही सुटका झाली असती. पण त्याने 'हां' म्हणताना काही लपवलं नव्हतं.

"शुक्रवारी," मी म्हणाले. "वाचली, पण मला कळली नाही. रविवारी कळली, तीही अर्धीच. मी मुलगी शोधत होते."

त्याने कापसाचा एक पुंजका बोटांनी ओढून मोकळा केला.

"मला वाटलं, वाचून बी तुम्ही गेलात," तो म्हणाला. "मी शुक्रवारी फाटकापाशीच उभा होतो. मधल्या सुट्टीपासून. म्हणलं, मॅडमनी पेटी उघडली, आता त्या कोणाला तरी इचारतील. मंग तुम्ही बाहेर आल्या. माझ्याकडं बघितलं तुम्ही. म्हणल्या, बाळा, बाजूला हो, गाडी वळवायचीय. मंग मी झालो बाजूला."

मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. त्यानंतर मी खूप आठवून बघितलं आहे. ते फाटक आठवतं, गाडी आठवते, ड्रायव्हरला घरी जायची घाई होती तेही आठवतं. तो आठवत नाही.